बेहड्याची ढोली

उडती खार म्हटलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, "म्हणजे शेकरू ना?"

भोरच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते तिथं हा प्रश्न मला शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. मी दरवेळी सांगते. शेकरू दिवसा हिंडतं, फांदीवरून फांदीवर उड्या मारतं. उडती खार दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपते आणि अंधार पडता पडता बाहेर येते. तिच्या पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो ताणून ती उंच झाडावरून दुसऱ्या झाडाच्या बुंध्यापर्यंत तरंगत जाते. समोरचा सगळं ऐकून घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हां, हां. राज्यप्राणी."

राज्यप्राणी शेकरू आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाला मान मिळाला म्हणून दुसरीला स्वतःचं नावसुद्धा मिळू नये, याचा मला राग येतो. शाळेच्या फलकासाठी मी मुलांना उडत्या खारीचं चित्र काढायला सांगितलं, तर निम्म्या वर्गाने शेकरू काढून त्याला कबुतराचे पंख लावले. चित्रं छान रंगवली होती. मी ती फलकावर लावली. काय करणार.

माझं गाव वेल्ह्याकडचं. विंझर ओलांडून मोठा रस्ता सोडला की आत चालत जावं लागायचं; आता रस्ता झाला आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवीची देवराई आहे. तिच्यातली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा गावाचा नियम. जळणासाठी आई उन्हातान्हात लांबच्या बांधांवरून काटक्या वेचून आणायची, पण घराजवळच्या देवराईत पडलेल्या ओंडक्याकडे तिने कधी पाहिलं नाही. बाकी रानातली मोठी झाडं हळूहळू गेली. भाताचं रोप टाकायच्या जागी आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे फांद्या तोडून, वाळवून, जमिनीवर पसरून जाळतात. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या फांद्या छाटून ऐन, किंजळ ही झाडं खुंटांसारखी झाली. अलीकडे राब कमी झाला, तर जमिनी विकल्या गेल्या आणि तारेची कुंपणं आली. उंच, जुनी, पोटात पोकळी धरलेली झाडं राहिली ती देवराईतच.

त्यांतला एक बेहडा देवराईच्या तोंडाशी, देवीच्या देवळासमोर आहे. सरळ, जाड, आणि घराच्या आढ्याहून उंच जागी त्याला ढोली. मी लहान असताना शेतावरून परतताना वडलांनी मला तिथं थांबवलं होतं. उजेड जात आला होता. ढोलीतून एक तोंड बाहेर आलं, मग मांजराएवढं अंग, मग अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. ते वर चढत शेंड्याला गेलं, थोडं थांबलं आणि सुटलं. वाळत घातलेलं घोंगडं वाऱ्याने सुटून जावं तसं ते आमच्या डोक्यावरून गेलं आणि पलीकडच्या ऐनाला चिकटलं. "उडतं मांजर," वडील म्हणाले. आमच्याकडे तिला हेच नाव होतं.

पुढे भोरला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, उडती खार कोणी पाहिली आहे का? हात फक्त माझा वर गेला. तोवर मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसून, इंग्रजी शब्द कसे उच्चारायचे याच काळजीत असायचे. त्या दिवशी सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहत होता आणि मला काहीतरी माहीत होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ती पदवी मला कोणामुळे मिळाली याची यादी मोठी आहे, आणि त्या यादीत ते जनावरही आहे, असं मी म्हटलं तर लोक हसतात. पण आहे.

यादीत तात्याही आहेत. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून कॉलेजच्या प्रवेशाला तात्या माझ्याबरोबर एसटीने आले. धोतर, टोपी, पायांत नव्या वहाणा. ऑफिसाच्या खिडकीतल्या माणसाने, "काका, उद्या या," म्हटल्यावर तात्या म्हणाले, "मी येईन. पर पोरगी आज आलीय, तिला आज घ्या." आणि ते तिथून हललेच नाहीत. माझ्या पदवीत तात्यांचा वाटा आहे, हे मला मान्य आहे. अडचण एवढीच, की तात्यांनाही ते पक्कं माहीत आहे.

तात्या आता देवीच्या मंदिर समितीचे अध्यक्ष आहेत. दसऱ्यानंतर आईचा फोन आला, की देवळाला स्लॅब पडणार, पुढे मंडप होणार, आणि गाड्या वळवायला जागा करायची म्हणून बेहडा काढणार. मी रविवारी पहिल्या एसटीने गेले. देवळापुढे बैठक बसली होतीच.

"तात्या, बेहडा कशाला पाडता?"

"यात्रेला टेम्पो येत्यात. त्ये काय डोक्यावर घिऊन वळवायचे?"

"त्याच्या ढोलीत उडती खार राहते."

"कोन?"

"उडतं मांजर."

"हां, मग तसं सांग की. ऱ्हाईल दुसरीकडं. रान काय थोडं हाय?"

मी समजावून सांगितलं. रान थोडं नाही, पण ढोली असलेलं जुनं झाड थोडं आहे. ढोली खारीला खोदता येत नाही. झाड म्हातारं होतं, फांदी मोडते, आत कुजतं, तेव्हा कुठं ती तयार होते. आपल्या देवराईत राहण्याजोगी ढोली मला तरी ही एकच माहीत आहे. ती गेली तर हे जनावर इथून गेलं. मागून कोणीतरी विचारलं, "मास्तरीणबाई, तिचं रेशनकार्ड हाय का आपल्या गावचं?"

"तिची पणजी इथलीच," मी म्हटलं. "तुमचं घर नंतर झालं."

लोक हसले, पण तात्या हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे विषय संपला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी म्हणाले, "मग देवीला विचारा."

देवराईतल्या झाडाचा प्रश्न असेल तर कौल लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. एवढ्यात कोणी तो लावला नव्हता, कारण कोणी मध्ये बोललंच नव्हतं. एकदा विचारा म्हटल्यावर मात्र नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. गुरव आंघोळ करून आले. देवीच्या तांदळ्याच्या, म्हणजे शेंदूर लावलेल्या पाषाणाच्या, उजव्या आणि डाव्या अंगाला त्यांनी ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून विचारलं, "आये, बेहडा राखायचा आसंल तर उजवी दे, काढायचा आसंल तर डावी दे." मी विज्ञानाची शिक्षिका आहे. ओली पाकळी दगडावरून का आणि कधी सुटते, हे मी मुलांना शिकवू शकते. तरी मी श्वास धरून बसले होते.

उजवी पाकळी पडली.

"झालं," तात्या म्हणाले. "आईनं सांगितलं राखा. आता त्या झाडाला कुनी हात लावायचा न्हाई." टेम्पो मागच्या बाजूने वळवायचं ठरलं. आईच्या घरी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. परतीच्या एसटीत मला वाटत होतं, की गावाशी गावाच्या रीतीने बोललं की काम होतं. आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांना एवढंच जमत नाही. सोमवारी शाळेत मी हे सगळ्यांना सांगितलं. "वा," एक सहकारी म्हणाल्या. "शेकरू वाचलं म्हणायचं."

नंतर सहामाहीचे पेपर आले, मग शाळेचं स्नेहसंमेलन. थंडी सरत आल्यावर मी पुन्हा गावी गेले. खालच्या वळणावरूनच बेहडा दिसला. इतक्या लांबून तो पूर्वी कधी दिसला नव्हता. मला आनंद झाला. जवळ गेल्यावर कळलं तो लांबून का दिसत होता.

त्याच्या आजूबाजूची झाडं काढली होती. दोन आंबे, जांभूळ, आणि वाटेवरचा हिरवागार करंज, सगळं साफ. बेहड्याच्या बुंध्याला माणसाच्या उंचीपर्यंत गेरू आणि वर चुन्याचा पट्टा होता. भोवती पांढऱ्या फरशीचा पार होता. पारावर पाटी होती, 'देवीचा कौलाचा बेहडा. चप्पल काढून बसावे.' मी चप्पल काढली आणि वर पाहिलं. जिथं ढोली होती तिथं सिमेंटचा गुळगुळीत गोल होता, आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती.

तात्या मंडपाच्या कामावर होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "बघितलास का तुजा बेहडा?"

"तात्या, ढोली कोणी बुजवली?"

"आमीच. गवंडी व्हताच कामावर. आतून पोकळ झालं व्हतं गं. पावसाळ्यात वाऱ्यानं मोडलं आसतं. दगडं भरली आत, वरनं सिमिट मारलं. आता शंभर वरीस हालत न्हाई."

"कौल राखायचा होता ना?"

"मग राखलंच की. आईनं राखा म्हनल्यावर नुसतं बघत बसायचं व्हय? पार बांधला, रंग दिला. फरशी घरची घातलीय म्या, माज्या न्हाणीची उरलेली."

"आणि बाजूची झाडं?"

"त्येंचा कौल कुठं लावला व्हता?" तात्या खरोखरच गोंधळले होते. "बेहडा झाकला जात व्हता त्येंच्यामागं. मानसानं वाटंवरनं हात जोडायचे तर झाड दिसाय नको?"

मी पारावर बसले. फरशी उन्हाने तापली होती. या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कळेना. त्यांनी तोडायचं ठरवलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी तर राखलं होतं, स्वतःच्या न्हाणीतल्या फरशीने राखलं होतं. मी शेवटी विचारलं, "बुजवताना आत काही होतं का?"

"परवाच तर बुजवली. साप-बिप आसंल म्हून धूर केला पैला. मग एक मांजार निगालं."

"मांजर."

"व्हय. वर चढलं नि गेलं उडून."

"तात्या, मांजर उडून गेलं, आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"देवीच्या जागंत काय बी निगतं," तात्या म्हणाले. "त्येच व्हय तुजं त्ये?"

"तेच माझं ते."

"पिल्लू न्हवतं हां आत. गवंड्यानं हात घालून समदा पाला काढला, मगच दगडं भरली. मी हुबा व्हतो हितं."

तो पाला म्हणजे तिचं अंथरूण होतं. मी ते बोलले नाही. पिल्लू नव्हतं एवढ्यावर मी तेव्हा थांबले, कारण त्या क्षणी तेवढंच हाताशी होतं. ही खार एका वेळी बहुतेक एकच पिल्लू घालते.

पाराच्या कडेला लोखंडी खांब रोवला होता आणि शिडीवर चढून एक म्हातारे गृहस्थ त्याला मोठा दिवा बसवत होते. मी ओळखलं. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गणपतीचे मांडव, उरूस, लग्नं, सगळ्यांची रोषणाई तेच करतात, आणि सगळं भोर त्यांना चाचा म्हणतं. त्यांची नात माझ्या वर्गात आहे.

"सलाम मॅडम," ते वरूनच म्हणाले. "नातीनं पंखवालं शेकरू काढलं ते तुमच्याकडंच का?"

"ते शेकरू नाही, चाचा."

"तेच तर मी म्हटलं तिला. शेकरूला पंख कुठं असतात?"

"हा दिवा कशाला?"

"बेहड्यावर मारायचाय. संध्याकाळी लावला की सकाळपर्यंत. मुंबईची मंडळी मोबाईलवर बघणार, तात्या म्हणतात कॅमेरापण बसवायचाय."

अंधारात जगणाऱ्या जनावराच्या दारात रात्रभर दिवा. मी ओळखीच्या एका वनरक्षकाला फोन लावला. मुलगा भला आहे, माझं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, मॅडम, जनावराला कायद्याचं संरक्षण आहे, तिला कोणी मारलं तर मी आत्ता निघतो. पण झाडं गावाच्या देवाची, आणि तुम्ही सांगता तसं मारलं कोणी नाहीच. मी येऊन समजावू शकतो. पण गाव रुसलं तर पुढच्या वेळी ते कौलही लावणार नाहीत, सरळ कुऱ्हाड लावतील. तुम्ही घरच्या आहात, तुम्हीच बघा.

मी घरची आहे म्हणून मला सगळे हेच सांगतात.

मी तात्यांकडे परत गेले. "ढोली उघडून द्या."

"आता कशी? कौल लागलाय. त्या झाडाला हत्यार लावता येत न्हाई."

"बुजवताना नाही लावलं?"

"थापी लावली. थापी काय हत्यार हाय व्हय? छिन्नी हत्यार."

"मग पुन्हा कौल लावा."

गुरव मंडपात बसून विड्या वळल्यासारखे वाती वळत होते. त्यांनी मान न उचलता सांगितलं, "एका गोष्टीला दोनदा इच्यारत न्हाईत. यात्रा झाली की बगू." यात्रा चैत्रात. तोवर ते जनावर उघड्यावर, फांदीला चिकटून दिवस काढणार, घारी आणि माकडांच्या तावडीत. मला रडू यायला लागलं होतं आणि मला ते तिथं येऊ द्यायचं नव्हतं. गावात बाईमाणसाच्या डोळ्याला पाणी आलं की लोक चहा आणतात आणि विषय बदलतात.

मी आवाज शांत ठेवून विचारलं, "तात्या, कौल कशाला लावला होता?"

"बेहड्याला."

"सिमेंट बेहड्याचं आहे का?"

तात्यांनी वर सिमेंटच्या गोलाकडे पाहिलं.

"सिमेंट तुम्ही आणलेलं. झाडाचं नाही. देवीनं झाड राखा सांगितलं, सिमेंट राखा नाही सांगितलं. छिन्नी सिमेंटला लागली तर कौल कुठं मोडला?"

तात्यांनी टोपी काढली. मला वाटलं विषय संपला. पण त्यांनी ती झटकली आणि परत घातली. "आन् चुकून झाडाला लागली तर?"

"मी मारतो," शिडीवरून चाचा म्हणाले. "माझ्याकडं छिन्नी-हातोडी आहे. आणि तुमचा कौल मला लागत नाय, तात्या."

गुरवांनी आता मान वर केली. तात्यांनी गुरवांकडे पाहिलं. मी आयुष्यात इतक्या गंभीरपणे कोणाला विचार करताना पाहिलं नाही. "त्ये बरूबर हाय," गुरव म्हणाले. "त्येंना लागू न्हाई."

"पर जरा बेतानं, चाचा," तात्या म्हणाले. "उगं आपलं."

"बेतानंच. मला पण परत भोरला जायचंय."

चाचांनी शिडी हलवून बेहड्याला लावली. सिमेंट अजून कच्चं होतं, पापुद्र्यासारखं सुटलं. आतले दगड ते एकेक करून खाली टाकत होते आणि तात्या ते फरशीवर आदळू नयेत म्हणून गोणपाट धरून उभे होते. शेवटच्या दगडानंतर चाचांनी आत हात घातला आणि म्हणाले, "मॅडम, लई मोठं आहे हो आत. माझं दुकान मावंल." त्यांनीच गोणपाटाने कडा पुसून दिल्या.

दिवेलागणीची वेळ झाली होती. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की आज दिवा लावू नका आणि थोडं थांबा. चाचा थांबले, कारण त्यांची स्कूटर तात्यांच्या अंगणात होती आणि तिथवर तात्यांबरोबरच जायचं होतं. तात्या थांबले, कारण चाचा थांबले. आम्ही मंडपाच्या सावलीत बसलो. वाटेपलीकडच्या ऐनावर काहीतरी हललं. बारीक, लांबट आवाज आला.

"ती बघा," मी म्हटलं.

ती बुंध्याने वर गेली. पण ऐनाला शेंडाच नव्हता. मी दिवसा ते पाहिलं नव्हतं. विजेची तार न्यायला वरचा भाग छाटला होता. ही खार तरंगत जाताना खाली खाली येत जाते. जितक्या उंचावरून सुटेल तितकी लांब पोचते. ती होता तेवढ्या उंचीवर गेली, थांबली, डोकं वरखाली करून अंतर बघत राहिली. मग सुटली. अंग पसरलं, पांढुरक्या आभाळावर ते काळं चौकोनी घोंगडं दिसलं, आणि ते बेहड्यापर्यंत पोचलंच नाही. पूर्वी अशा वेळी मध्ये जांभूळ होतं. ती पाराच्या अलीकडे झुडपात पडली. गावातलं एक कुत्रं भुंकत धावलं. तात्यांनी जवळ पडलेलं गोणपाट कुत्र्यावर फेकलं आणि देवळापाशी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती अशी शिवी दिली. खार जमिनीवरून वेडीवाकडी पळत परत ऐनावर चढली आणि दिसेनाशी झाली.



"ऐनाचा शेंडा मीच काढायला सांगितला होता," चाचा म्हणाले. "तारेला लागत होता."

"जांबळीचं म्या सांगितलं," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "शेकरू हाय व्हय हे?"

मी डोळे मिटले. "नाही, तात्या."

मग मी त्यांना सांगितलं, जे कॉलेजात शिकले आणि जे त्यांनीच मला शिकायला लावलं. तिला काय काय लागतं, ते सांगितलं. पोकळ झाड. त्याच्या आजूबाजूला उंच झाडं, शेंड्यासकट. अंधार. आणि खाली कुत्री नकोत. तात्या ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "जांबूळ किती वर्सांत तेवढं व्हतंय?"

"तुमच्या हयातीत नाही. माझ्याही नाही बहुतेक."

ते उठले आणि घरी गेले. चाचांनी दिव्याला पत्र्याचं झाकण लावून त्याचं तोंड खाली देवळाच्या पायऱ्यांकडे वळवलं, आणि आरतीपुरताच तो लावायचा असं गुरवांकडून कबूल करून घेतलं. मुंबईच्या मंडळींना काय सांगायचं, ते तात्यांनी ठरवायचं होतं.

पंधरवड्याने मी परत गेले, तर पाराभोवती खड्डे खणून, शेणखत घालून रोपं लावलेली होती. प्रत्येकाला लोखंडी जाळी होती. तात्या मला हाताला धरून तिकडे घेऊन गेले. "घे. रोपवाटिकेतनं आणली, निवडून आणली."

मी पानं बघितली. सगळे गुलमोहर होते.

"तात्या, गुलमोहर?"

"लवकर वाडत्यात म्हनं. आन् फुलं बी येत्यात. तूच म्हनालीस आपल्या हयातीत व्हत न्हाई."

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. फांद्या वाऱ्याला मोडतात. आणि आमच्या खारीचं ते झाडच नव्हे. हे सगळं मी सांगितलं. तात्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी मान हलवली. "आता न्हाई उपटता येनार. देवीच्या जागंत लावल्यात."

"मग मध्ये मध्ये ऐन, जांभूळ आणि बेहडा लावू."

"जागा कुठं हाय?"

"गुलमोहर मोडतील तेव्हा होईल."

त्यांनी ते मानलं. आई आणि मी त्या दिवशी बेहड्याखालच्या बिया गोळा केल्या आणि गुलमोहरांच्या मधल्या जागेत पेरल्या. किती उगवतील, सांगता येत नाही. ढोलीकडे मी परत परत पाहत होते. काही दिसलं नाही. कडेवर नखांच्या खुणा होत्या, पण त्या जुन्या असू शकतात. निघताना मी ठरवलं, की या जनावराबद्दल आता फार आशा धरायची नाही.

यात्रेच्या आधी मी शाळेत वर्गावर असताना तात्यांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी बाहेर येऊन घेतला.

"तुज्या मांजरानं समदी फरशी घान केलीय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला होता. "रोज सकाळी बघतोय. कुरतडलेली पानं, अर्धी खाल्लेली फळं, लेंड्या. न्हाणीची फरशी माजी, पांढरी. झाडून झाडून गुरव कटाळला. यात्रा तोंडावर आलीय."

"कुठं पडतंय ते? ढोलीच्या खाली?"

"बरूबर खाली. दुसरं कुठं?"

मी व्हरांड्यातल्या खांबाला टेकले. ती कुठून, कशी येते मला माहीत नव्हतं. मागच्या बाजूने, देवराईतून येत असेल. जमिनीवरून धावत येत असेल. पण येत होती, आणि रोज.

"आता काय करायचं त्ये सांग," तात्या म्हणाले.

"काही करू नका, तात्या."

"काईच?"

"काहीच. झाडू नका, रंगवू नका, वर चढून बघू नका."

त्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीसाठी काहीतरी केलं होतं. माझ्यासाठी खिडकीपाशी उभे राहिले होते, देवीसाठी स्लॅब टाकला होता, झाडासाठी फरशी दिली होती. मी त्यांना पहिल्यांदाच नुसतं बसून राहायला सांगत होते.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग नुसती एक जाळी लावू का ढोलीखाली? फरशीवर पडनार न्हाई."

"नको, तात्या."

"बारीकशी."

"नको."